टोकियो स्टेशनातली खूण आणि जपानची ज्यूरी

टोकियो स्टेशनच्या मारुनोउची बाजूच्या दक्षिण दारातून मी गेली अठरा वर्षं ये-जा करतेय. वर तो सुंदर घुमट, खाली धावणारी माणसं. फरशीकडे बघायला वेळ कुणाला असतो? पण गेल्या नोव्हेंबरात साताऱ्याहून बाबा आले आणि तिकिटाच्या गेटजवळ येऊन एकदम थांबले. फरशीत बसवलेली एक छोटीशी खूण त्यांना दिसली होती. जवळच भिंतीवर पाटी. त्यांनी मला ती वाचून दाखवायला सांगितलं. ४ नोव्हेंबर १९२१ च्या संध्याकाळी इथे पंतप्रधान हारा ताकाशी यांच्यावर हल्ला झाला, सुरा छातीत घुसला आणि ते गेले, असा त्या पाटीचा मथितार्थ. अठरा वर्षांत मी ती एकदाही वाचली नव्हती!

बाबा सेशन कोर्टात बेंच क्लार्क होते. तीस वर्षं साक्षीपुरावे, तारखा आणि निकालपत्रं यांत गेलेली. त्यामुळे त्यांचा पहिला प्रश्न ठरलेलाच, मारेकऱ्याचा खटला कसा चालला? तिथेच उभ्या उभ्या फोनवर शोधायला लागले आणि वाचता वाचता मीच गुंतले. कारण ज्या माणसाला इथे मारलं, त्यानेच जपानमध्ये ज्यूरी आणण्यासाठी आयुष्याची शेवटची वर्षं खर्ची घातली होती. जपानमध्ये ज्यूरी होती हेच मला ठाऊक नव्हतं. तुमच्यापैकीही फार जणांना असेल असं वाटत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

त्या वेळी आमच्या घरात एक वेगळाच विषय पेटलेला होता. माझा मुलगा इथेच लहानाचा मोठा झाला, इथेच नोकरीला लागला, आणि आता जपानी नागरिकत्वाचा अर्ज भरायचं म्हणतोय. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, म्हणजे निळा पासपोर्ट परत करायचा. बाबांना ते फार लागलं होतं. ते भांडले नाहीत, पण नातवाशी बोलणं कमी झालं होतं. दोघांना एका गाडीत बसवावं म्हणून मी शनिवारची मोरिओकाची तिकिटं काढली. मोरिओका हे हारांचं गाव. शिंकान्सेनने सव्वादोन तासांत पोचतो आपण.

हारांचा जन्म १५ मार्च १८५६ चा, मोरिओकाजवळच्या मोतोमिया गावात. साल ऐकून बाबा म्हणाले की हे तर टिळकांचं साल. खरंच की! लोकमान्य २३ जुलै १८५६ चे. सव्वाचार महिन्यांचं अंतर. आणि पुढे बघाल तर साम्य तिथेच संपत नाही.

हारांचं घराणं मोठं सामुराई. आजोबा नांबू संस्थानात कारभारी होते. पण १८६८ मध्ये जपानात सत्तापालट झाला, नव्या मेइजी सरकारविरुद्ध ईशान्येकडची संस्थानं उभी राहिली आणि हरली. नांबूही त्यात होतं. जिंकलेल्यांनी हरलेल्यांना सम्राटाचे शत्रू ठरवलं. संस्थानाचा कारभारी नारायामा सादो याला १८६९ मध्ये मृत्युदंड झाला. हारा तेव्हा तेरा वर्षांचे होते. ज्या बाजूचा पराभव झाला ती बाजू आपोआप गुन्हेगार ठरते, हे त्यांनी कोवळ्या वयात आपल्या गावात बघितलं. पुढे कितीतरी वर्षं राजधानीतले लोक उत्तरेकडच्या डोंगरांना कवडीमोल म्हणून हिणवायचे. त्या टोमण्यात एका डोंगराचा उल्लेख यायचा. हारा हायकू लिहीत, त्यासाठी त्यांनी टोपणनावच घेतलं इचिझान, म्हणजे एक डोंगर.

पंधराव्या वर्षी ते टोकियोला शिकायला आले. पैशांची तंगी इतकी की फुकट शिक्षण मिळतं म्हणून फ्रेंच कॅथलिक पाद्र्यांच्या शाळेत राहिले. तिथे त्यांचा बाप्तिस्मा झाला, नाव मिळालं डेव्हिड. फ्रेंच भाषा मात्र कायमची हाती लागली. तिच्या जोरावर १८७६ मध्ये न्यायखात्याच्या कायदा महाविद्यालयात प्रवेश मिळाला. तेव्हा जपान फ्रेंच कायद्याच्या धर्तीवर आपले कायदे बसवत होता आणि बोआसोनाद नावाचे फ्रेंच कायदेपंडित सरकारचे सल्लागार होते. फौजदारी प्रक्रियेच्या मसुद्यात त्यांनी ज्यूरी घातली होती. १८८० मध्ये कायदा होईपर्यंत सरकारने ती काढून टाकली.

हारा तोवर कॉलेजातून बाहेर पडले होते, खरं तर काढून टाकले गेले होते. कारण काय, तर मेसच्या जेवणावरून मुलांनी केलेला दंगा! पुण्या-मुंबईच्या होस्टेलवर राहिलेल्यांना हे वेगळं समजवायला नको. ते साल १८७९. त्याच साली टिळक एलएलबी झाले. एकाला सनद घेऊन वकिली करायची नव्हती आणि दुसऱ्याची संधीच गेली. दोघंही वळले वर्तमानपत्राकडे.

पुढची वीस वर्षं हारांनी बरंच काही केलं. बातमीदारी केली. परराष्ट्र खात्यात शिरले, चीनमध्ये तिएन्त्सिनला कॉन्सल होते, मग पॅरिसच्या वकिलातीत. मुत्सू मुनेमित्सू हे त्यांचे वडीलधारे साहेब. कोरियात राजदूत झाले. मग नोकरी सोडून ओसाका मायनिची या वर्तमानपत्राचे संपादक आणि पुढे अध्यक्ष झाले. १९०० मध्ये इतो हिरोबुमी यांनी सेइयुकाई पक्ष काढला, त्यात हारा गेले आणि मग राजकारणच केलं. १९०२ पासून मोरिओकातून निवडून येत राहिले. तीनदा गृहमंत्री झाले. १९१४ मध्ये पक्षाचे अध्यक्ष. त्याच वर्षी टिळक मंडालेहून सुटून आले.

मंडालेचा विषय निघाला आणि गाडीत बाबांचा आवाज वाढला. ज्यूरी म्हटलं की त्यांच्या डोळ्यासमोर एकच दृश्य येतं, जुलै १९०८ चं मुंबई हायकोर्ट. नऊ जणांची ज्यूरी. सात युरोपियन, दोन पारशी. लेख केसरीतले, मराठीतले. ज्यूरीतल्या बहुतेकांना मराठी येत नव्हतं, भाषांतरावर खटला चालला. २२ जुलैला सात विरुद्ध दोन मतांनी टिळक दोषी ठरले आणि न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा दिली. १८९७ च्या खटल्यातही तसंच, सहा विरुद्ध तीन. बाबांचं म्हणणं, असली ज्यूरी असण्यापेक्षा नसलेली बरी. मुलगा खिडकीतून बाहेर बघत होता, पण ऐकत होता.

मग हारांना ज्यूरी कशाला हवी होती? तर जपानात तेव्हा सरकारी वकिलांचा दरारा प्रचंड वाढला होता. तपास तेच करायचे, अटकही त्यांच्याच हातात. खटल्याआधीची चौकशी बंद खोलीत व्हायची, तिथे आरोपीचा वकील नसायचा. १९०९ मध्ये एका साखर कंपनीच्या लाचखोरीचं प्रकरण निघालं आणि खासदारांची धरपकड झाली, त्यात सेइयुकाईचेही होते. काहींनी पैसे खाल्लेही होते. पण ज्या पद्धतीने माणसांकडून कबुल्या घेतल्या गेल्या, त्याने संसद हादरली. १९१० मध्ये सेइयुकाईने ज्यूरी आणावी असा ठराव कनिष्ठ सभागृहात मंजूर करून घेतला. त्यानंतर लगेच राजद्रोहाचा तो गाजलेला खटला झाला. सम्राटाला मारण्याचा कट केल्याचा आरोप, २६ आरोपी, बंद दाराआड सुनावणी, अपील नाही. २४ जणांना फाशी सुनावली. त्यातल्या १२ जणांची जन्मठेप झाली आणि जानेवारी १९११ मध्ये उरलेल्या १२ जणांना फासावर चढवलं. त्यातले बरेचसे निर्दोष होते असं आज अभ्यासक मानतात. न्याय फक्त सरकारी माणसांच्या हातात ठेवला तर काय होतं, हे हारांना इथे पक्कं दिसलं असावं.

१९१८ मध्ये तांदळाच्या भावावरून जपानभर दंगली उसळल्या, सरकार पडलं आणि २९ सप्टेंबरला हारा पंतप्रधान झाले. लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहातला माणूस पंतप्रधान होण्याची ही पहिलीच वेळ. सरदारकीची पदवी त्यांनी पुन्हा पुन्हा नाकारली होती, म्हणून लोक त्यांना सामान्यांचे पंतप्रधान म्हणू लागले.

पण मंडळी, त्यांना देव करायचं कारण नाही. मतांसाठी आपल्या माणसांच्या गावाला रेल्वे न्यायची, हा हिशोब त्यांना छान जमायचा. १९१९ मध्ये कोरियातलं स्वातंत्र्याचं आंदोलन त्यांच्याच सरकारने सैन्य धाडून चिरडलं. मतदानासाठी दहा येन कराची अट होती ती त्यांनी तीन येनावर आणली, पण सर्व पुरुषांना मताधिकार द्या म्हटल्यावर १९२० मध्ये सभागृहच विसर्जित केलं. माणूस सावध होता. एक पायरी चढायची, मग थांबून बघायचं, असा स्वभाव.

ज्यूरीच्या बाबतीत मात्र ते थांबले नाहीत. १९१९ मध्ये त्यांनी कायद्यांच्या फेरविचारासाठी एक परिषद नेमली आणि ज्यूरीचा प्रश्न तिच्यापुढे ठेवला. खरा अडथळा पुढेच होता. सुमित्सुइन म्हणजे सम्राटाचं सल्लागार मंडळ, सगळी ज्येष्ठ मंडळी. त्यांचा आक्षेप असा की घटनेप्रमाणे न्याय सम्राटाच्या नावाने न्यायाधीश देतात. मग किराणा दुकानदार आणि शेतकरी यांचं मत न्यायाधीशावर बंधनकारक कसं करणार? ते घटनाबाह्य ठरेल. हारांनी तडजोड केली. ज्यूरी आपलं उत्तर देईल, पण न्यायाधीशाला ते पटलं नाही तर तो ती ज्यूरी बाजूला ठेवून दुसरी बोलावू शकेल. हवी तितक्या वेळा. या तडजोडीनंतरही मसुदा मंडळात अडकूनच राहिला. हारा तो पुढे रेटत होते.

आणि तेवढ्यात ४ नोव्हेंबर उजाडला. क्योतोला पक्षाची सभा होती. संध्याकाळी सव्वासातच्या सुमारास हारा टोकियो स्टेशनात आले आणि गेटकडे निघाले. गर्दीतून एक पोरगा धावत आला. ओत्सुका स्टेशनवर सांधेवाल्याचं काम करणारा, नाकाओका कोनइची, वय अठरा. एकच वार, आणि हारा जवळजवळ तिथेच गेले. वय पासष्ट.

बाबांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आता आलं. खटला ज्यूरीपुढे चालला नाही, कारण कायदा झालाच नव्हता. सरकारी वकिलांनी फाशी मागितली, न्यायाधीशांनी जन्मठेप दिली. वेगवेगळ्या माफ्या मिळत नाकाओका १९३४ मध्ये सुटूनही आला.

ज्यूरीचा कायदा हारांच्या मागे, मार्च १९२३ मध्ये संसदेत मंजूर झाला आणि १ ऑक्टोबर १९२८ पासून लागू झाला. मधली पाच वर्षं तयारीत गेली. कोर्टांमध्ये ज्यूरीसाठी खास दालनं बांधली. खटला एका दिवसात संपला नाही तर सगळ्यांना रात्री एकत्र ठेवायचं म्हणून मुक्कामाच्या इमारतीही उभ्या केल्या. बारा जण असायचे. फक्त पुरुष, तीस वर्षांवरचे, लिहिता-वाचता येणारे, एकाच गावात दोन वर्षं राहिलेले आणि तीन येन कर भरणारे. फाशी किंवा जन्मठेप होऊ शकेल असे गुन्हे आपोआप ज्यूरीपुढे जायचे, पण आरोपी नको म्हणू शकत होता. राजद्रोह आणि राजकीय गुन्हे यातून आधीच वगळलेले. म्हणजे १९११ सारखा खटला पुन्हा उभा राहिला असता तरी ज्यूरी बसलीच नसती!

पहिल्या पूर्ण वर्षात, १९२९ मध्ये, १४३ खटले ज्यूरीपुढे चालले. मग आकडा घसरत गेला. का? ज्यूरीने दोषी म्हटलं तर पुराव्याच्या मुद्द्यावर वरच्या कोर्टात जाता येत नसे. आरोपीने स्वतः ज्यूरी मागितली असेल आणि तो दोषी ठरला, तर ज्यूरीचा खर्चही त्याच्या डोक्यावर येऊ शकत असे. आणि ज्या न्यायाधीशाकडून शिक्षा घ्यायची, त्याच्यावर विश्वास नाही असं कोण सांगणार? वकीलच सल्ला द्यायचे की नको म्हणून टाका. पंधरा वर्षांत एकूण ४८४ खटले झाले, त्यात ८१ निर्दोष सुटले, म्हणजे सुमारे १७ टक्के. आजच्या जपानात खटला उभा राहिला की ९९ टक्क्यांहून जास्त वेळा शिक्षा होते, त्या मानाने हा आकडा केवढा! युद्ध चालू असताना, १९४३ मध्ये, कायदा स्थगित केला. युद्ध संपल्यावर परत सुरू करू असं कायद्यातच लिहिलं होतं. तो अजूनही स्थगितच आहे.

मोरिओकात आम्ही दाइजिजी देवळात हारांची समाधी बघितली. साधा दगड, त्यावर फक्त नाव. पंतप्रधान वगैरे काही नाही. पदव्या, मानसन्मान काही लिहू नका, असं ते मृत्युपत्रात सांगून गेले होते. होओनजी देवळातही गेलो. १९१७ मध्ये, युद्धाला पन्नास वर्षं होत आली तेव्हा, गावकऱ्यांनी नांबूच्या मृतांसाठी तिथे विधी केला. हारा तेव्हा देशातल्या सर्वांत मोठ्या पक्षाचे अध्यक्ष होते. त्यांनी तिथे वाचलेल्या निवेदनाचा आशय असा होता की आमची माणसं बंडखोर नव्हती, तो राजकीय मतभेद होता. तेरा वर्षांच्या मुलाने बघितलेला निकाल एकसष्टाव्या वर्षी त्याने आपल्या परीने फिरवला. ज्यूरीचं वेड कुठून आलं असेल, ते मला त्या देवळाच्या आवारात उमगल्यासारखं वाटलं. हा माझा अंदाज, इतिहासकारांचा नव्हे.

जेवताना बाबांनी नानावटी खटला काढला. तो काढल्याशिवाय त्यांचं ज्यूरीपुराण पूर्ण होत नाही. १९५९, मुंबई, आठ विरुद्ध एक मतांनी ज्यूरीने निर्दोष सोडलं, न्यायाधीशांना ते पटलं नाही, प्रकरण हायकोर्टात गेलं आणि जन्मठेप झाली. पुढे १९७३ च्या फौजदारी संहितेतून ज्यूरी गेलीच. मी म्हटलं, बाबा, टिळकांच्या ज्यूरीचा शब्द चालत होता, पण ती टिळकांची माणसं नव्हती. हारांच्या ज्यूरीत माणसं आपली होती, पण त्यांचा शब्द चालत नव्हता. दोन्ही असल्याशिवाय ज्यूरीला अर्थ नाही ना? बाबा काही बोलले नाहीत. भात संपवला.

मग मुलानेच सांगितलं, जपानमध्ये हे परत सुरू झालंय. २१ मे २००९ पासून. नाव साइबान-इन. खुनासारख्या गंभीर खटल्यात तीन न्यायाधीश आणि मतदार यादीतून चिठ्ठीने निवडलेले सहा सामान्य लोक एकाच टेबलाशी बसतात. दोषी की नाही तेही ठरवतात आणि शिक्षाही, अगदी फाशीसुद्धा. बहुमत लागतं आणि त्यात निदान एक न्यायाधीश हवा. सामान्यांचं मत आता बाजूला टाकून दुसरे सहा बोलावता येत नाहीत. वयाची अट आता अठरा वर्षांची आहे. आत काय चर्चा झाली ते मात्र जन्मभर कुणाला सांगायचं नाही. आमच्या शेजारच्या आजी काही वर्षांपूर्वी जाऊन आल्या. काम संपल्यावर एवढंच म्हणाल्या की त्या आठवड्यात झोप लागली नाही. त्यावर एक शब्द जास्त नाही.

मला कधी बोलावणं येणार नाही, कारण मी मतदार नाही. इतकी वर्षं कर भरला, पण तो टेबल माझ्यासाठी नाही. मुलाला येऊ शकेल, नागरिक झाला तर.

बाबांनी चहाचा कप खाली ठेवला आणि त्याला विचारलं, बोलावलं तर जाशील का? सुट्टी नाही, काम आहे, अशी कारणं सांगणार नाहीस ना? तो म्हणाला, जाईन. पासपोर्टबद्दल बाबा त्या दिवशीही काही बोलले नाहीत आणि अजूनही नाहीत. पण परतीच्या गाडीत ते नातवाच्या शेजारी जाऊन बसले. सेंदाई येईपर्यंत त्याला समजावून सांगत होते की साक्षीदाराची सरतपासणी ऐकून मत करायचं नाही, उलटतपासणी संपेपर्यंत थांबायचं. आणि आरोपीच्या चेहऱ्याकडे फार बघायचं नाही, कागद बघायचा.